मुरगाव बंदरातील आयात-निर्यातीचे वार्षिक चढउतार : एक विवेचन

प्रास्ताविक

कोणत्याही व्यापारी बंदराचा वार्षिक अहवाल उघडला की प्रथम दृष्टीस पडतो तो एकच आकडा. वर्षभरात बंदराने एकूण किती टन माल हाताळला आणि आदल्या वर्षाच्या तुलनेत त्यात किती टक्के वाढ अथवा घट झाली, हे त्या आकड्यावरून समजते. वृत्तपत्रे तो मथळ्यात देतात, अर्थसंकल्पी भाषणांत त्याचा उल्लेख होतो आणि आपणही वर्गात विदेशी व्यापार शिकवताना तोच फळ्यावर लिहितो. वाढ झाली म्हणजे भरभराट आणि घट झाली म्हणजे मंदी, असा निष्कर्ष त्यातून सहज काढला जातो. परंतु बंदराच्या एकूण टनभारात वस्तू, दिशा, हंगाम, किंमत, कर आणि न्यायालयीन निर्णय अशा अनेक घटकांची बेरीज झालेली असते. ही बेरीज सोडवून न पाहता काढलेला निष्कर्ष बहुधा अपुरा आणि कित्येकदा चुकीचा ठरतो.

प्रस्तुत लेखात या मुद्द्याचे स्पष्टीकरण गोव्यातील मुरगाव बंदराच्या उदाहरणावरून करण्याचा प्रयत्न केला आहे. हे बंदर निवडण्यामागे तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे हे बंदर दीर्घकाळ लोहखनिज या एका वस्तूवर अवलंबून राहिले, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची साखळी येथे तुलनेने स्पष्ट दिसते. दुसरे असे की, इसवी सन 2000 नंतरच्या वीस वर्षांत येथील मालवाहतूक अडीचपट वाढली, तीन वर्षांत पाव हिश्शाहूनही खाली आली आणि पुन्हा वर चढली. इतके तीव्र चढउतार देशातील इतर मोठ्या बंदरांत क्वचितच आढळतात. तिसरे कारण असे की, या चढउतारांशी गोव्यातील हजारो कुटुंबांची उपजीविका, तेथील शेती व नद्या आणि उत्तर कर्नाटकातील पोलाद उद्योग जोडलेले आहेत. त्यामुळे आकडा कसा वाचावा हा येथे केवळ सांख्यिकीचा प्रश्न राहत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

सदर लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (1) मुरगाव बंदरातील एकूण मालवाहतुकीतील वार्षिक बदलांचा स्थूल आलेख मांडणे; (2) त्या बदलांमागील कारणे वर्षवार स्पष्ट करणे; (3) एकूण टनभार सारखा दिसत असतानाही बंदराचे स्वरूप कसे बदलते ते दाखविणे; (4) अशा आकडेवारीच्या अध्यापनासाठी काही कसोट्या सुचविणे.

लेखातील टनभाराचे आकडे प्रकाशित बंदर-आकडेवारीवर आधारित असून ते कोटी टनांत, एका दशांश स्थळापर्यंत पूर्णांकित केले आहेत. वर्ष म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च हे वित्तीय वर्ष होय.

बंदराची पार्श्वभूमी

मुरगाव हे जुवारी नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर वसलेले नैसर्गिक बंदर आहे. 1878 साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या करारानंतर येथे आधुनिक बंदर आणि घाटमार्गे ब्रिटिश हिंदुस्थानास जोडणारा लोहमार्ग उभारण्याची योजना आकारास आली व 1880 च्या दशकात ती प्रत्यक्षात उतरली. म्हणजेच आरंभापासूनच या बंदराची कल्पना केवळ गोव्यासाठी नव्हती. घाटावरील प्रदेशाचा माल समुद्रापर्यंत आणणे हा तिचा हेतू होता. बंदराच्या मागे असलेल्या आणि आपल्या मालासाठी त्यावर अवलंबून राहणाऱ्या या प्रदेशास भूगोलात पृष्ठप्रदेश म्हणतात. मुरगावला दोन पृष्ठप्रदेश लाभले. एक म्हणजे डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांतील गोव्याचा खाणपट्टा आणि दुसरा म्हणजे घाटापलीकडील होस्पेट-बळ्ळारीचा प्रदेश. पुढील सर्व विवेचनात हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

गोव्यातून लोहखनिजाची निर्यात 1940 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि 1950 च्या दशकात जपानच्या पोलाद उद्योगाच्या मागणीमुळे ती वाढत गेली. 1961 साली गोवा मुक्त झाल्यानंतर 1963 मध्ये मुरगावला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला. 1979 साली धक्का क्रमांक 9 येथे खनिज भरण्याची यांत्रिक व्यवस्था कार्यान्वित झाली. 2021 च्या मोठी बंदरे प्राधिकरण कायद्यानुसार पूर्वीच्या मुरगाव पोर्ट ट्रस्टचे रूपांतर मुरगाव बंदर प्राधिकरणात झाले.

गोव्याच्या खनिजाचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. हे खनिज बहुतांशी चूर्णरूप असून त्यातील लोहाचे प्रमाण कमी, साधारणपणे 58 टक्क्यांखाली असते. देशातील पोलाद कारखाने उच्च प्रतीचे खनिज पसंत करीत असल्याने गोव्याच्या मालास देशांतर्गत गिऱ्हाईक अल्प होते. परिणामी खाणीतून निघालेला माल जवळजवळ पूर्णतः निर्यातीवर अवलंबून राहिला. देशी बाजारपेठेचा आधार नसलेली वस्तू परदेशातील मागणीबरोबर चढते आणि तिच्याचबरोबर उतरते.

एकूण मालवाहतुकीचा आलेख

तक्ता : मुरगाव बंदराने हाताळलेला एकूण माल (कोटी टन, सुमारे)

2000-01 : 2.0
2004-05 : 3.1
2007-08 : 3.5
2008-09 : 4.2
2009-10 : 4.9
2010-11 : 5.0
2011-12 : 3.9
2012-13 : 1.8
2013-14 : 1.2
2014-15 : 1.5
2015-16 : 2.1
2016-17 : 3.3
2017-18 : 2.7
2018-19 : 1.8
2019-20 : 1.6
2020-21 : 2.2

या तक्त्यात स्थूलमानाने चार टप्पे दिसतात. 2000-01 ते 2010-11 हा चढता काळ, 2011-12 ते 2013-14 ही घसरण, 2014-15 ते 2016-17 हे पुनरुत्थान आणि 2017-18 पासूनची दुसरी घसरण, जिच्या शेवटी 2020-21 मध्ये पुन्हा वाढ दिसते. या टप्प्यांची कारणे आता क्रमाने पाहू.

पहिला टप्पा : मागणीने घडविलेली वाढ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या खनिजाचा प्रमुख ग्राहक जपान होता. जपानी पोलाद कंपन्या दीर्घ मुदतीचे करार करीत आणि खनिजाची किंमत वर्षातून एकदा वाटाघाटीने ठरे. अशा व्यवस्थेत निर्यातीचे प्रमाण एका वर्षातून दुसऱ्या वर्षात फारसे उडी मारत नाही. 2000 नंतर चीनचा पोलाद उद्योग झपाट्याने वाढला आणि चीन हा प्रमुख ग्राहक बनला. चिनी खरेदीचा मोठा भाग तत्कालीन बाजारभावाने, म्हणजे त्या त्या वेळच्या किमतीस होत असे. 2010 च्या सुमारास वार्षिक किंमत-कराराची जुनी पद्धतही जागतिक बाजारातून मागे पडली. ग्राहक बदलल्याबरोबर व्यापाराचा स्वभावही बदलला. पूर्वी ज्या निकृष्ट चूर्णास गिऱ्हाईक मिळत नसे व जे खाणीशेजारी ढीग करून टाकले जाई, तेही आता जहाजात भरले जाऊ लागले.

2010-11 मध्ये एकूण टनभार सुमारे 5 कोटींवर पोचला, त्यात लोहखनिजाचा वाटा सुमारे चार पंचमांश होता. 2011 च्या आरंभी चीनच्या बाजारात 62 टक्के लोहांशाच्या खनिजाचा भाव प्रतिटन 180 डॉलरच्याही वर गेला होता. इतक्या भावाने दुर्गम खाणीतील आणि हलक्या प्रतीचा मालही फायदेशीर ठरत होता. वाढीचा हा टप्पा बंदराच्या कार्यक्षमतेपेक्षा परदेशी मागणीने घडविलेला होता, असे म्हणावे लागते.

दुसरा टप्पा : घसरण नेमकी केव्हा सुरू झाली?

मुरगावच्या घसरणीविषयी सर्वसाधारण समज असा आहे की, 2012 साली खाणबंदी आली आणि निर्यात कोसळली. तक्ता पाहिल्यास हा समज अर्धाच खरा असल्याचे ध्यानात येते. 2011-12 मध्ये, म्हणजे गोव्यात कोणतीही बंदी लागू होण्यापूर्वीच, टनभार 5.0 वरून 3.9 कोटींवर, सुमारे 22 टक्क्यांनी उतरला होता. या घटीची कारणे निराळी होती. जुलै 2010 मध्ये कर्नाटक शासनाने निर्यातीसाठीच्या खनिज वाहतुकीस बंदी घातली आणि जुलै 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारी जिल्ह्यातील खाणकाम थांबविले. त्यामुळे घाटापलीकडील पृष्ठप्रदेशातून निर्यातीसाठी येणारे खनिज आटले. त्याच वर्षी 30 डिसेंबर 2011 पासून केंद्र शासनाने लोहखनिजावरील निर्यातशुल्क 30 टक्क्यांपर्यंत वाढविले. किंमत कमी मिळणाऱ्या हलक्या प्रतीच्या मालाला हा भार अधिक जाणवला.

त्यानंतरच्या घटना सर्वज्ञात आहेत. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी 2010 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेत सादर झाला. 10 सप्टेंबर 2012 रोजी गोवा शासनाने खाणकाम स्थगित केले आणि 5 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम व खनिज वाहतूक दोन्ही थांबविण्याचा आदेश दिला.

येथे वित्तीय वर्ष आणि व्यापाराचा हंगाम यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. गोव्यातील खाणकाम पावसाळ्यात बंद असते. खाणीतून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर आणि तेथून बार्जने मांडवी व जुवारी नद्यांतून समुद्राकडे जाणारा माल मुख्यत्वे ऑक्टोबर ते मे या काळात हलतो. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यामुळे तो मार्ग बंद होतो. तेव्हा मांडवीतील बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत आणि तेथून मुरगावकडे जातात. बंदीचा आदेश पावसाळा संपता संपता आला. म्हणून वित्तीय वर्षाचा जवळपास अर्धाच भाग उरला असूनही व्यापाराचा संपूर्ण नवा हंगाम बुडाला. 2012-13 चा 1.8 कोटी टनांचा आकडा म्हणजे मागील हंगामाचे एप्रिल-मे मधील शेपूट आणि इतर वस्तूंची वाहतूक यांची बेरीज होय. बंदीचा निव्वळ परिणाम दिसतो तो 2013-14 च्या 1.2 कोटी टनांत. वार्षिक तक्ता वाचताना केवळ टक्केवारी पाहिल्यास 2012-13 हे सर्वांत वाईट वर्ष वाटते, कारण त्या वर्षीची घट निम्म्याहून अधिक आहे. प्रत्यक्षात तळ त्याच्या पुढील वर्षी गाठला गेला.

तिसरा टप्पा : पुनरुत्थान आणि टक्केवारीचा भ्रम

नोव्हेंबर 2013 मध्ये न्यायालयाने आधी काढून ठेवलेल्या खनिजाच्या ई-लिलावास परवानगी दिली. 21 एप्रिल 2014 च्या निकालाने बंदी उठविली, मात्र गोव्यातील वार्षिक उत्पादनावर 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीमूल्याच्या 10 टक्के रक्कम लोहखनिज स्थायी निधीत जमा करण्याचे निर्देश दिले. तरीही 2014-15 मध्ये टनभार केवळ 1.5 कोटी झाला. बंदी उठणे आणि खाण सुरू होणे यांत परवाने, पट्ट्यांचे नूतनीकरण व पर्यावरणीय मंजुरी यांचा काळ जातो. खाणी पुन्हा सुरू होण्यास 2015 चा ऑगस्ट उजाडला. तोवर जागतिक भाव घसरला होता. डिसेंबर 2015 मध्ये तो प्रतिटन 40 डॉलरच्याही खाली उतरला. दरम्यान हलक्या प्रतीच्या खनिजावरील निर्यातशुल्क 2015 मध्ये 10 टक्क्यांवर आणले गेले आणि मार्च 2016 पासून ते पूर्णपणे काढून टाकण्यात आले. शुल्कमाफी आणि त्यानंतर सुधारलेला भाव यांच्या संयोगाने 2016-17 मध्ये टनभार 3.3 कोटींवर गेला.

2013-14 ते 2016-17 या तीन वर्षांतील वाढ सुमारे 175 टक्के भरते, तर त्याआधीच्या तीन वर्षांतील घट 76 टक्के होती. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यास सामान्य वाचकास वाटेल की, नुकसान भरून निघून वर दुप्पट लाभ झाला. वस्तुतः 3.3 कोटी टन हा आकडा 2010-11 च्या दोन तृतीयांशच आहे. घट मोठ्या पायावर मोजली जाते आणि वाढ लहान पायावर, म्हणून टक्केवारी अशी दिशाभूल करते. विद्यार्थ्यांना निर्देशांक शिकविताना हे उदाहरण अत्यंत उपयुक्त ठरेल.

चौथा टप्पा : मार्चमधील निर्णय आणि महामारीतील वाढ

7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द ठरविले आणि 16 मार्च 2018 पासून खाणकाम पुन्हा थांबले. ही तारीख वित्तीय वर्ष संपण्याच्या अवघे पंधरा दिवस आधीची आहे. साहजिकच 2017-18 च्या घटीचा दोष या बंदीस देता येत नाही. तिचा परिणाम 2018-19 च्या 1.8 कोटी व 2019-20 च्या 1.6 कोटी टनांत उतरला.

2020-21 चे वर्ष तर वाचकास कोड्यात टाकणारे आहे. महामारीमुळे देशातील सर्व मोठ्या बंदरांची एकत्रित मालवाहतूक त्या वर्षी सुमारे 70.5 कोटी टनांवरून 67.3 कोटी टनांवर उतरली, तर मुरगावची वाहतूक 1.6 वरून 2.2 कोटींवर गेली. जानेवारी 2020 मध्ये न्यायालयाने रॉयल्टी भरलेले, आधीच काढलेले खनिज हलविण्यास परवानगी दिली होती आणि चीनची मागणी लवकर सावरल्याने भावही तेज होता. या वाढीतील लोहखनिजाचा भाग गोव्यातील नव्या उत्पादनातून आलेला नव्हता. तो जुना साठा होता. साठा विकून आलेली वाढ आणि उत्पादनातून आलेली वाढ यांत भेद न केल्यास पुढील वर्षाचा अंदाज चुकणे अटळ असते.

टनभार आणि मूल्य

बंदर मालाचे वजन मोजते आणि सीमाशुल्क खाते त्याचे मूल्य. दोन्ही आकडे एकाच व्यापाराचे असले तरी ते एकाच दिशेने जातील असे नाही. उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. एका वर्षी 2 कोटी टन खनिज प्रतिटन 150 डॉलरने विकले गेले तर मूल्य 300 कोटी डॉलर होते. दुसऱ्या वर्षी 4 कोटी टन खनिज 50 डॉलरने विकले गेले तर मूल्य 200 कोटी डॉलर होते. वजन दुप्पट झाले, परंतु उत्पन्न एक तृतीयांशाने घटले. बंदराचे शुल्क व बार्जवाल्याचे भाडे वजनावर ठरते. खाणमालकाचा नफा व शासनाचे निर्यातशुल्क मूल्यावर ठरते. म्हणून एकाच वर्षाविषयी बंदर समाधानी आणि निर्यातदार असमाधानी, अशी स्थिती संभवते.

याखेरीज भौगोलिक व्याप्तीचाही प्रश्न आहे. गोव्याच्या खनिजाचा काही भाग राज्य शासनाच्या अखत्यारीतील पणजी बंदरातून जहाजांवर चढविला जाई. तो मुरगावच्या आकड्यात येत नाही. उलटपक्षी मुरगावच्या आकड्यात कर्नाटकातील खनिज समाविष्ट असे. त्यामुळे 'मुरगावची निर्यात म्हणजे गोव्याची निर्यात' हे समीकरण दोन्ही बाजूंनी सदोष आहे.

दिशेचा बदल : निर्यातीचे बंदर ते आयातीचे बंदर

आतापर्यंतच्या विवेचनात एकूण टनभार हाच केंद्रस्थानी होता. परंतु मुरगावमधील सर्वांत महत्त्वाचा बदल या आकड्यात मुळीच दिसत नाही. तो बदल मालाच्या दिशेचा आहे.

2010-11 मध्ये हे बंदर मुख्यत्वे निर्यातीचे होते. खाणबंदीच्या काळात लोहखनिजाची निर्यात जवळजवळ थांबली, मात्र कोळशाची आयात चालूच राहिली. त्यामुळे 2013-14 पर्यंत कोळसा हीच येथील प्रमुख वस्तू ठरली. हा कोळसा मुख्यतः पोलादनिर्मितीसाठी लागणारा कोकिंग कोळसा असून तो रेल्वेने घाट चढून बळ्ळारी परिसरातील पोलाद कारखान्यांकडे जातो. त्यासाठी धक्का क्रमांक 5अ व 6अ 2004 पासून आणि धक्का क्रमांक 7 वरील खासगी टर्मिनल 2014 पासून कार्यरत झाले. परतीच्या मार्गाने पोलादाची निर्यात होते. म्हणजे घाटापलीकडील जो पृष्ठप्रदेश पूर्वी मुरगावला कच्चे खनिज पाठवीत असे, तोच आता कोळसा मागवितो आणि तयार पोलाद पाठवितो.

या बदलाचा सामाजिक अर्थ काय? एक टन लोहखनिज निर्यात होताना गोव्यातील खाणकामगार, ट्रकमालक, ट्रकचालक, नदीकाठच्या धक्क्यावरील मजूर, बार्जवरील खलाशी, दुरुस्तीची गॅरेजे आणि रस्त्याकडेच्या खाणावळी अशा अनेक हातांतून जात असे. ट्रक आणि बार्ज बहुधा कर्ज काढून घेतलेले होते. पहिल्या बंदीनंतर शासनाला कर्जदारांसाठी मदत योजना आणाव्या लागल्या. याउलट एक टन कोळसा जहाजातून यंत्राने उतरतो, वाघिणीत भरला जातो आणि राज्याबाहेर निघून जातो. त्यामुळे तक्त्यातील दोन वर्षांचा टनभार सारखा असला तरी वस्तूंचे मिश्रण निराळे असेल तर त्या दोन वर्षांतील गोव्याचा रोजगार सारखा असू शकत नाही. टनभार पूर्ववत झाला म्हणून उपजीविका पूर्ववत झाली, असे मानणे हा या आकडेवारीच्या वाचनातील सर्वांत गंभीर दोष होय.

कोळशाचे भार वेगळ्या ठिकाणी पडतात. वास्को शहरातील वस्तीस कोळशाच्या धुळीचा त्रास होतो अशी तेथील नागरिकांची दीर्घकाळची तक्रार आहे आणि 2017 साली बंदराच्या विस्तार प्रकल्पांवरील सार्वजनिक सुनावणीत ती मोठ्या प्रमाणावर मांडली गेली. खनिजाचे भारही कमी नव्हते. डिचोली, सत्तरी व सांगे परिसरातील शेतांत आणि ओढ्यांत साचलेला खाणीचा गाळ, आटलेल्या विहिरी आणि ट्रकांच्या रांगांनी व्यापलेले रस्ते हे तेजीच्याच वर्षांचे अपत्य होते. बंदराच्या तक्त्यात यांपैकी कशासही रकाना नसतो.

आधारवर्षाचा प्रश्न

वार्षिक बदलांच्या चर्चेत शेवटी एक मूलभूत प्रश्न उरतो : 'सामान्य' वर्ष कोणते मानावयाचे? सार्वजनिक चर्चेत 2010-11 चे 5 कोटी टन हे जणू बंदराचे नैसर्गिक प्रमाण मानले जाते आणि पुढील प्रत्येक वर्ष त्याच्याशी ताडून पाहिले जाते. अशा तुलनेत पुढील सारी वर्षे अपयशाचीच ठरतात. परंतु 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, गोव्यातील खाणपट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती आणि त्यानंतरचे खाणकाम बेकायदा होते. म्हणजे 2008-09 ते 2010-11 या तिन्ही शिखरवर्षांतील गोव्याचे खनिज वैध पट्ट्याविना काढलेले होते. ज्या वर्षाचा पाया कायद्याच्या कसोटीस उतरत नाही, ते मोजपट्टी म्हणून कसे वापरावे?

याउलट 2000-01 हे वर्ष आधार मानल्यास चित्र पालटते. त्या वर्षीच्या 2.0 कोटी टनांच्या तुलनेत 2020-21 चे 2.2 कोटी टन ही किंचित वाढ ठरते. 2007-08 हे आधारवर्ष घेतले तर 2016-17 मधील 3.3 कोटी टन जवळजवळ पूर्ववत स्थिती दर्शवितात. एकाच तक्त्यातून तीन भिन्न निष्कर्ष निघतात आणि तिन्ही अंकगणिताच्या दृष्टीने अचूक असतात. म्हणून आधारवर्षाची निवड ही तांत्रिक बाब समजून सोडून देता येत नाही. कोणी कोणते वर्ष का निवडले, हे विचारणे वाचकाचे कर्तव्य ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

1. मुरगाव बंदरातील वार्षिक चढउतारांमागे एकच कारण नाही. परदेशी मागणी व भाव, निर्यातशुल्क, शेजारच्या राज्यातील धोरण आणि न्यायालयीन निर्णय यांचा तो संयुक्त परिणाम आहे. 2011-12 मधील घट खाणबंदीच्या आधीची आहे.

2. वित्तीय वर्ष आणि व्यापाराचा हंगाम भिन्न असल्याने घटनेचा परिणाम कित्येकदा पुढील वर्षाच्या आकड्यात उतरतो.

3. एका वस्तूवर व मुख्यत्वे एका ग्राहकदेशावर अवलंबून असलेल्या बंदरात वार्षिक बदल तीव्र होतात. ग्राहक जपानऐवजी चीन झाल्यावर आणि करारांची जागा बाजारभावाने घेतल्यावर ही तीव्रता वाढली.

4. एकूण टनभार हा बंदराच्या व्यवसायाचा निर्देशक आहे. स्थानिक उपजीविकेचा तो विश्वासार्ह निर्देशक नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने कोणत्याही बंदराचा तक्ता विद्यार्थ्यांसमोर ठेवताना पाच प्रश्न विचारावेत. माल कोणता? तो बंदरात येतो की बंदराबाहेर जातो? तो नव्या उत्पादनातील की साठ्यातील? वर्षाचा कोणता भाग त्या आकड्यात खरोखर सामावला आहे? आणि तुलना कोणत्या वर्षाशी, कोणत्या आधारावर केली आहे? जवळच्या बंदराची दहा वर्षांची वस्तुनिहाय आकडेवारी घेऊन या पाच प्रश्नांची उत्तरे शोधणे हा पदवी स्तरावरील प्रकल्पाचा उत्तम विषय होऊ शकेल.

गोव्यात 2022 च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि 2024 मध्ये डिचोलीतील पहिल्या पट्ट्यातून उत्पादनास पुन्हा आरंभ झाला. लहान पायावरून सुरू होणाऱ्या या निर्यातीची वाढ टक्केवारीत फार मोठी दिसेल. ते खनिज किती हातांतून बंदरापर्यंत पोचले, नद्यांवर आणि शेतांवर त्याचा किती भार पडला आणि त्याच वर्षी कोळशाच्या किती वाघिणी घाट चढून गेल्या, हे त्या टक्केवारीवरून समजणार नाही. त्यासाठी वस्तुनिहाय रकाने पाहावे लागतील आणि तक्त्याबाहेर जाऊन नदीकाठचे धक्के व वास्कोची वस्तीही पाहावी लागेल.